बोटीवरची सुट्टी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावांमध्ये 'बोटीवर आहे' एवढं म्हटलं की माणसाची सगळी ओळख सांगून व्हायची. सोयरीक घेऊन आलेल्यांना सांगायचं, मुलगा बोटीवर आहे. वाण्याकडे उधारी मागताना सांगायचं, घरधनी बोटीवर आहेत, मनिऑर्डर येईल. शाळेत मास्तरांनी विचारलं, वडील का आले नाहीत, तरी उत्तर तेच. या शब्दांत कुठेही मौज नव्हती. बोट म्हणजे रोजी, आणि रोजी म्हणजे घरापासून लांब. त्यामुळे माझा मुलगा अमेरिकेतून फोनवर म्हणाला, "अब्बा, या वेळी आपण सगळे बोटीवर सुट्टीला जाऊ," तेव्हा माझ्या कानाला ते वाक्य व्याकरणात कुठेतरी चुकल्यासारखं वाटलं.

पण गेलो. मी, पत्नी, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. मायामी बंदरातून निघायचं, सात रात्री कॅरिबियन समुद्रात हिंडायचं, वाटेत सेंट मार्टिन, सेंट थॉमस आणि बहामातलं एक छोटं बेट बघायचं आणि पुन्हा मायामी. जहाजाचं नाव सांगत नाही. नभोवाणीवर जाहिरात करायची नसते हे एक कारण. शिवाय मी जे बोलणार आहे ते एकट्यादुकट्या जहाजाबद्दल नाही.

आकाराची कल्पना यावी म्हणून एक जगजाहीर उदाहरण देतो. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३६५ मीटर, मजले २०. भरगच्च भरलं तर ७,६०० प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला २,३५० कर्मचारी. त्याचं माप २,४८,६६३ ग्रॉस टन. हे टन म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या पोटातल्या बंदिस्त जागेचं ते मोजमाप असतं. ज्या टायटॅनिकला एकेकाळी जग तोंडात बोट घालून बघत होतं, तिचं माप ४६ हजारांच्या आसपास होतं. म्हणजे एका आयकॉनच्या पोटात पाच टायटॅनिक मावतील. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच बांध्याचं दुसरं जहाज, 'स्टार ऑफ द सीज', फ्लोरिडातूनच प्रवाशांना घेऊन निघालं. आम्ही होतो ते जहाज याच कुळातलं, वयानं थोरलं आणि अंगानं थोडं धाकटं.

त्यावर चढल्यावर पहिल्या दिवशी मला समुद्र सापडेना! चेष्टा नाही. आत शिरलो तो एका बाजारपेठेत. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये फरशीचा रस्ता. पुढे गेलो तर बाग. खऱ्या मातीतली, खऱ्या झाडांची. वर बघावं तर बागेच्या दोन्ही अंगांना माळ्यावर माळे आणि त्यांना सज्जे. सज्जात बसलेली माणसं बागेकडे बघत होती. भर समुद्रात समुद्राकडे पाठ करून बसायची सोय! वरच्या डेकवर पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, लहानग्यांसाठी पाण्याची कारंजी. संध्याकाळी नाटक, बर्फावरचं नृत्य. जेवणाचं तर विचारूच नका.

मी कवी आहे, त्यामुळे अशा ठिकाणी नाक मुरडणं हा जणू माझा धर्मच, असं माझ्या मुलाला वाटतं. पण मी नाक मुरडलं नाही. नात दिवसभर पाण्यात होती. माझ्या पत्नीनं लग्नानंतर पहिल्यांदा सलग सात दिवस चुलीचं तोंड बघितलं नाही. मुलगा आणि सून एरवी घड्याळाला बांधलेली माणसं. ती दुपारी चक्क झोपत होती. रात्री आम्ही पाचही जण एका टेबलाशी जेवायचो. वर्षानुवर्षं दोन देशांत वाटल्या गेलेल्या घराला असे सात दिवस मिळणं ही लहान गोष्ट नाही. जगभरची कुटुंबं या जहाजांवर का गर्दी करतात, हे त्या टेबलाशी मला कळलं. ती घसरगुंडीसाठी येत नाहीत. कुणालाही उठून जाता येणार नाही अशा जागी सगळ्यांनी एकत्र राहावं, म्हणून येतात.

आणि नेमकं इथेच मला माझे वडील आठवत राहिले.

वडील १९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, एका ब्रिटिश कंपनीच्या मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागले. कोकणातल्या मुसलमानांची ही जुनी वाट. सारंग गावातून पोरं उचलायचा, मुंबईत डोंगरीच्या बाजूला गावच्या खोलीवर त्यांनी पथारी टाकायची आणि बोट मिळण्याची वाट बघायची. डेकवर बहुधा आमचे कोकणी, इंजिनाच्या आगीशी पंजाबी आणि पठाण, जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी असे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांत साधारण दर चौघांत एक हिंदी खलाशी होता. त्यांतले हजारो परत आले नाहीत. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे. तिथून रोज हजारो माणसं जातात, पण आत डोकावणारी थोडी.

प्रत्येक खलाशाकडे नोकरीचं एक पुस्तक असे. पत्र्याच्या नळकांड्यात ठेवायचे म्हणून त्या कागदांनाच 'नळी' म्हणत. वडिलांची नळी माझ्याजवळ आहे. कुठल्या बोटीवर कधी चढले, कुठल्या बंदरात कधी उतरले, याच्या नोंदी आणि प्रत्येक नोंदीपुढे वागणुकीचा आणि कामाचा शेरा. सगळीकडे एकच शिक्का आहे, 'व्हेरी गुड'. चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि त्याचा हिशेब दोन इंग्रजी शब्दांत. माझा जन्म झाला त्या दिवशी ते कुठल्या समुद्रावर होते हेही त्या नळीवरूनच मला कळलं. आईला मी कधी समुद्राकडे तोंड करून बसलेलं पाहिलं नाही. तिच्या लहानपणी, १७ जुलै १९४७ ला, रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तिची धास्ती तेव्हापासूनची, आणि नवरा दर्यावर गेल्यावर ती वाढत गेली.

तर आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा निघाला, सासष्टीतला. तिशी ओलांडलेला. त्यानं माझं नाव वाचलं, माझं इंग्रजी ऐकलं आणि हळूच विचारलं, "तुमी खंयचे?" त्याची कोंकणी आणि आमच्या घरातली कोकणी वेगळी, पण सात समुद्रांपलीकडे तेवढं अंतर कोण मोजतो! मी रोज सकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलू लागलो. तिसऱ्या दिवशी मुलगा मला म्हणाला, "अब्बा, त्याला अजून कितीतरी खोल्या आवरायच्या आहेत. तुमच्याशी बोलतो तेवढी त्याची जेवणाची वेळ कमी होते." मी ते त्या गोव्याच्या मुलालाच विचारलं. तो हसला. म्हणाला, "दिवसभर इंग्रजीतून हसतो. दोन मिनिटं आपल्या भाषेत बोललो तर दमणूक उतरते. तुम्ही बोला, मी हात थांबवत नाही." आणि खरंच, आमचं सगळं बोलणं त्याचे हात चालू असतानाच झालं.

आठ महिन्यांचा करार. आठवड्याची सुट्टी नाही. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. मुलगी त्याला फोनच्या पडद्यावर ओळखते, पण घरी गेल्यावर पहिले चार दिवस जवळ येत नाही. हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. याच नोकरीवर घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, हे तो अभिमानानं सांगत होता. त्याची दया करायचा मला अधिकार नव्हता. माझं बी. ए.देखील वडिलांच्या बोटीवरच झालं आहे. पण एक गोष्ट मात्र मनात बसली. ज्या जहाजावर आमचं कुटुंब सात दिवस एकत्र यावं म्हणून आलं, तेच जहाज चालावं म्हणून दोन हजारांहून जास्त कुटुंबं महिनोन् महिने तुटलेली असतात. आमचं एकत्र असणं त्यांच्या लांब असण्यावर तरंगत होतं.

माझ्या वडिलांच्या काळापेक्षा आज कायदा बरा आहे, हेही सांगितलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २००६ साली सागरी कामगारांसाठी एक करार संमत केला. ऑगस्ट २०१३ पासून तो अमलात आला आणि २०१५ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. त्याप्रमाणे एक तर आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम, नाहीतर कमीत कमी ७७ तास विश्रांती, यांतलं एक बंधन देशानं घालायचं. आता आठवड्याचे तास १६८. त्यांतून ७७ वजा करा, ९१ उरतात. कायदा पाळूनही माणूस आठवड्याला ९१ तास कामावर असू शकतो. आणि कोणत्या देशाचा कायदा, हे जहाजाच्या पाठीवरच्या झेंड्यावर ठरतं. यांतली कित्येक मोठी जहाजं अमेरिकेतून सुटतात, पण झेंडा बहामाचा लावतात, कारण तिथे कर आणि नियम सोयीचे पडतात.

झेंड्याचं झालं, आता दर्याचं. नवी जहाजं द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. धूर आणि काजळी कमी, हे खरंच. पण इंजिनात न जळलेला थोडा मिथेन वायू निसटतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट ऊब धरून ठेवतो. खाडीकाठची आमची घरं वाढत्या पाण्याकडे बघत उभी आहेत. त्यांना हा हिशेब लागू आहे.

रात्री मी उघड्या डेकवर जायचो. इशाची नमाज प्रवासात अर्धी, चारच्या जागी दोन रकात. आमची मक्केची दिशा गावाकडे पश्चिमेला. तिथे ती ईशान्येला होती. जहाज वळलं की आपण वळायचं, अशी मुभा आहे. कोकणातले शेकडो जण एकेकाळी मुंबईहून जिद्दापर्यंत हजला बोटीनं जात. ती वाट १९९५ ला बंद झाली. नमाजनंतर मी कठड्याशी उभा राहायचो. चौदा मजले खाली काळं पाणी. तिथे संगीत पोहोचत नव्हतं. तोच वडिलांचा समुद्र होता, तेवढाच खारट.

मंडळी, हे सगळं आज सांगण्याचं कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात मोठ्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. गोव्याला, लक्षद्वीपला बोटीनं सुट्टीला जाणारी मराठी कुटुंबं आज आहेत आणि उद्या पुष्कळ असतील. जरूर जा. आई-वडिलांना न्या, पोरांना पाण्यात सोडा, एका टेबलाशी जेवा. बक्षिसी बिलात लावलेली असते, तरी हातात काही द्यावंसं वाटलं तर द्या.

आणि एक करा. शेवटच्या दिवशी, किंवा घरी आल्यावर फोनवर, एक फॉर्म येतो; सेवा कशी वाटली? आपण तो कंटाळून पुसून टाकतो. टाकू नका. ज्यानं तुमची खोली आवरली, ज्यानं तुमच्या पोराला दूध गरम करून आणून दिलं, त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव आठवून त्या फॉर्मात नीट लिहा. त्याचा पुढचा करार, त्याची बढती अशा शब्दांकडे बघून ठरते. पूर्वी हा शेरा कप्तान मारायचा. आता तो तुमच्या-माझ्या हातात आला आहे.

मी त्या सासष्टीच्या मुलाचं नाव लिहिलं, आणि पुढे इंग्रजीत दोनच शब्द लिहिले. व्हेरी गुड.