घाटात तापलेली मोटार



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून वसंत ऋतू आणि व्याख्यान यांचे नाते महाराष्ट्रात जुळले ते जुळलेच. अशा मालेत वेदान्तावर बोलावे, इतिहासावर बोलावे, निदान अर्थकारणावर तरी बोलावे. आम्ही मात्र बोलणार आहोत मोटारीच्या तापलेल्या एंजिनावर. हा विषय हलका आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी येत्या रविवारी दुपारी खंडाळ्याच्या घाटाच्या माथ्यावर अर्धा तास उभे राहावे. बॉनेट उघडे टाकून रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी जुनी गाडी, तिच्यातून उठणारी वाफ, आणि पाण्याची बाटली घेऊन धावणारे तिचे धनी आपल्याला दिसले, तर त्या गृहस्थांना त्या क्षणी वेदान्तापेक्षा या विषयाची गरज अधिक आहे हे आपण मान्य कराल.

आमचे सांगणे एवढेच आहे की, तापलेले एंजिन बहुधा मेलेले नसते. त्याला मारते ती पहिल्या दहा मिनिटांतली आपली घाई, आणि नंतरचा आपला आळस. या दोन्ही गोष्टी टाळल्या, तर घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी, ते पुष्कळदा पुन्हा उभे करता येते.

प्रथम घाटाचा विचार करू. बोरघाटातून चाकाच्या गाडीला जाण्याजोगा रस्ता १८३० साली खुला झाला, आणि रेल्वे १८६३ साली घाट चढली. रेल्वेच्या एंजिनियरांनी या डोंगराचा मान राखला. चढ ३७ फुटांस १ फूट असा ठरवला, आणि तेवढ्यावरही भागत नाही म्हणून गाडीला मागून रेटण्यासाठी जादा एंजिने जोडण्याची पद्धत ठेवली. शिंग्रोबा धनगराने गोऱ्या साहेबाला वाट दाखवली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आजही जुन्या रस्त्याने जाणारा चालक त्याच्या देवळापाशी गाडी हळू करतो आणि नाणे टाकतो. ही श्रद्धा असेल. पण चढावर गाडी जरा हळू होते, हा तिचा व्यावहारिक लाभ आम्ही कमी मानत नाही.

आता थोडे गणित, आणि ते अवघड नाही. गाडी, पाच माणसे आणि सामान मिळून १३०० किलो वजन धरा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतचा उभा चढ सुमारे ५५० मीटर. एवढे वजन एवढे उचलायला सुमारे ७० लाख ज्यूल इतके काम पडते. जुन्या पेट्रोल एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी फार तर चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता काही सायलेन्सरवाटे निघून जाते, काही एंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या गळ्यात पडते. पाण्याच्या वाट्याला आलेली ही उष्णता चाकांना मिळालेल्या कामाएवढी तरी असतेच. म्हणजे नुसता घाट चढताना पाण्याला ७० लाख ज्यूल पचवावे लागतात. रेडिएटरने ती उष्णता वाऱ्यावर टाकली नाही, तर तेवढ्यात तीन लिटर उकळते पाणी वाफ होऊन उडून जाईल. घाटात गाडी का तापते याचे उत्तर यात आले. सपाटीवर जो रेडिएटर अर्धा बुजलेला असूनही निभावून नेतो, त्याचे खरे रूप घाटात उघडे पडते.

आणखी एक गोष्ट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे, म्हणून येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण स्प्रिंगचे असते ते यासाठीच. ते आत दाब राखते, आणि त्या दाबाखाली पाणी ११० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. परंतु ते झाकण गरम असताना उघडले की दाब क्षणात जातो आणि सगळे पाणी एकदम उसळते. चेहरा आणि हात भाजून घेण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. तेव्हा काटा लाल रेषेकडे चढू लागला की गाडी कडेला घ्यावी, एंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे, आणि निदान पाऊण तास गप्प बसावे. गार पाणी एंजिनावर ओतू नये. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावर काय होते हे आपण सगळे जाणतो, आणि तवा तडकला तर दुसरा मिळतो. जुन्या एंजिनाचा ठोकळा तसा मिळत नाही.

ही अखेरची गोष्ट महत्त्वाची आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, ती बनणे थांबून पाव शतक उलटत आले. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली बंद पडले. २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. या पिढीच्या गाड्यांचे सुटे भाग जसे दुर्मिळ होत आहेत, तसेच त्या दुरुस्त करणारे हातही. अशा वेळी घाटात गाडी तापली, की सल्ला मिळतो तो एकच: विकून टाका.

आम्हाला तो मिळाला. आमच्या वडिलांनी घेतलेली, याच पिढीतली एक गाडी दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात घाट चढून येताना खंडाळ्यापाशी तापली. गाडी आमचे धाकटे बंधू चालवत होते. काटा चढताच त्यांनी ती थांबवली, हे त्यांचे उपकार. पाण्याची खालची रबरी नळी फाटून सारे पाणी रस्त्यावर गेले होते. गाडी ओढून आणल्यावर एका कारागिराने बॉनेटमध्ये डोकावून निकाल दिला की एंजिन जाम झाले आहे, दुरुस्तीला जो खर्च येईल त्यात दुसरी गाडी येईल, आणि भंगाराचा एक भाव बोलला. त्या वेळी वडील ऐंशी उलटलेले होते. ते काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून अंगणाकडे तोंड करून बसायचे ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले. मग आम्ही कामशेतजवळच्या आमच्या घरी, आंब्याच्या सावलीत, गाडीला हात घातला. चार रविवार लागले.

पहिला रविवार नुसता तपासण्यात गेला, आणि तोच सर्वांत मोलाचा ठरला. चारही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडले आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी हलकेच पुढेमागे ढकलली. पंखा फिरला! पंखा फिरला म्हणजे पिस्टन सुटे आहेत, म्हणजे ‘जाम’ हा निकाल खोटा. मग ऑइलची पट्टी पाहिली. ऑइल ताकासारखे पांढरट झाले असेल, तर त्यात पाणी मिसळले असे समजावे. आमचे किंचित पांढरट होते. एका प्लगच्या टोकावर पाण्याचा थेंब होता. निदान झाले: हेडखालचे पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, फुटले आहे.

ते का फुटते? पुष्कळ जुन्या एंजिनांत खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. मर्यादेत आहे तोवर मधले गॅस्केट हा संसार सांभाळून घेते. मर्यादा ओलांडली की हेडला बाक येतो आणि गॅस्केट जळते.

दुसऱ्या रविवारी हेड उतरवले. एंजिन पूर्ण थंड असतानाच हे करावे. नट बाहेरून आत, थोडेथोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करावे. काढलेली प्रत्येक वस्तू पुठ्ठ्यावर, तिच्या जागेचे चित्र काढून, क्रमाने खोचून ठेवावी. दोन सिलिंडरांच्या मधली गॅस्केटची पट्टी काळी पडून तुटलेली स्पष्ट दिसली. हेडवर पोलादी पट्टी उभी, आडवी आणि तिरपी धरून खालून फिलर गेजची पाने सरकवून पाहिली. बाक किती चालतो हे त्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. आमचा बाक त्याहून अधिक होता.

येथे घरच्या दुरुस्तीची सीमा येते, आणि ती ओळखणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. हेड सपाट करणे हे कानशीचे काम नव्हे. ते चिंचवडला यंत्रावर घासून आणले, आणि तडा नाही ना हेही तेथेच दाबाखाली तपासून घेतले. जे यंत्राचे ते यंत्राकडे द्यावे. बाकीचे आपल्या हातांनी करावे.

तिसऱ्या रविवारी जोडणी झाली. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे लाकडी पट्टीने खरवडले. पॉलिश पेपरने मऊ ॲल्युमिनियमवर चरे पडतात. ठोकळ्यातली बोल्टची भोके कोरडी केली, कारण तळाशी साचलेले पाणी किंवा ऑइल बोल्ट आवळताना दाबले जाऊन ठोकळा फोडू शकते. नवे गॅस्केट बसवून नट मधून बाहेर अशा क्रमाने, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळले. मनगटाच्या अंदाजावर येथे विसंबू नये.

परंतु एवढ्यावर थांबलो असतो, तर पुढल्या घाटात गाडी पुन्हा तापली असती. नळी फाटली हे निमित्त होते. आधीपासून गाडी का तापत होती याचे कारण वेगळे होते. रेडिएटर उतरवून उलट्या दिशेने पाणी सोडले, तेव्हा गंज आणि चुना यांचा गाळ बाहेर आला. वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी भरल्याचा तो परिणाम. शिवाय थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. पूर्वी कुणीतरी ‘हा काढला की गाडी गार राहते’ म्हणून काढून टाकला होता. हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे. काही एंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरकडे जाण्याऐवजी आतल्या आत फिरते, आणि गाडी उलट अधिक तापते. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी तो पातेल्यातल्या पाण्यात टांगून, तापमापक लावून, उकळून पाहावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे. आमची ही परीक्षा चहाच्या पातेल्यात झाली, आणि त्याबद्दल घरात जे ऐकून घ्यावे लागले ते आम्ही येथे सांगत नाही.

चौथ्या रविवारी नव्या नळ्या, नवा पट्टा, नवे ऑइल, आणि शुद्ध पाण्यात निम्मे कूलंट. कूलंट हे केवळ थंड देशांसाठी असते असे समजू नये. ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि गंज रोखते. मग एंजिन थंड असतानाच झाकण उघडे ठेवून चालू केले, आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ दिली, आणि पातळी बसली तसे पाणी भरून झाकण लावले. बुडबुडे थांबलेच नसते, तर गॅस्केट बसले नाही असे समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. ते थांबले. वडील उठून अंगणात आले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “आवाज बरा आहे. टॅपेट जरा आवळायला हवेत.” गेल्या माघात ते गेले. तोवर ती गाडी त्यांना दर आठवड्याला वडगावच्या बाजाराला नेत होती.

प्रत्येक जुनी गाडी राखावीच, असे आमचे म्हणणे नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी होऊन पाचपाच वर्षांनी वाढते. ही तपासणी योग्यच आहे. जी गाडी धूर ओकते, जिचे ब्रेक धड नाहीत, तिला प्रेमापोटी रस्त्यावर आणणे हा दुसऱ्यांवर अन्याय आहे. आमची तक्रार वेगळी आहे. वस्तू आतून न पाहताच ‘गेली’ म्हणण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिच्याविषयी ती आहे. पंखा हाताने फिरवून पाहायला एक रात्र आणि चार चमचे ऑइल लागते. तेवढेही न करता भंगाराचा भाव सांगणारा मनुष्य यंत्राविषयी नव्हे, स्वतःच्या सवडीविषयी बोलत असतो.

आपल्या मावळात अशा गाड्या अजून गोठ्याशेजारी, पत्र्याखाली उभ्या आहेत. त्यांचे धनी या सभेत असतील, तर त्यांनी घरी जाऊन प्लग काढावेत, ऑइल सोडावे, आणि सकाळी पंखा फिरतो का एवढे पाहावे. नाही फिरला, तर भंगारवाला आहेच; तो कुठे जात नाही.