मेणाचा पाय

प्रल्हाद महाराजांच्या या साखरखेर्ड्यात नवस म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा ८ सप्टेंबरच्या सुमारास आठवडाभर भरते. तेथे मेणाचे हातपाय, घरे, बाळे विकत मिळतात. दुखणे असेल तो अवयव मेरीला वाहावयाचा. ख्रिस्त्यांच्या रांगेत हिंदूही उभे असतात.

आमच्या एका कामगाराचा पाय यंत्रात सापडला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली केलेला दावा वर्षभर रखडला. त्याने मेणाचा पाय वाहिला, तेव्हा आम्ही, नाही म्हटले तरी, हसलो.

तो म्हणाला, “भाऊ, पाय खराच मोडला का, याचा दाखला तिथं कुणी मागत नाही.”

पुढल्या सप्टेंबरात त्याची कुबडी धरून आम्हीही टेकडी चढलो. दाव्याची तारीख त्यानंतरची होती.