गिरणीचे घर होताना

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. वक्ते निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर असून इंदूरचे रहिवासी आहेत.)



फलकावर आजचा विषय वाचून आमच्या शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "लॉफ्ट म्हणजे आपला माळाच ना? त्यावर तासभर काय बोलणार?" काकू समोरच बसल्या आहेत, आणि त्यांचे चुकलेले नाही. आपल्या घरात लॉफ्ट म्हणजे मोरीवरचा माळा. गौरीचे मुखवटे, मागच्या दिवाळीचा आकाशकंदील, आजीचे पितळी हंडे आणि सतरंज्यांचे एक बोचके, जे कोणी मागत नाही आणि टाकूही देत नाही. मूळ इंग्रजी शब्दही असाच साधा आहे. गोदामाचा किंवा कारखान्याचा वरचा मोकळा मजला, एवढाच त्याचा अर्थ. जाहिरातीत मात्र 'लॉफ्ट अपार्टमेंट' दिसले की समजावे: उंच छत, उघड्या विटा, दारासारख्या खिडक्या आणि चढी किंमत.

ही कल्पना श्रीमंतांच्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकातल्या बिडाच्या दर्शनी भागाच्या इमारती आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले छोटे कारखाने निघून गेले, मजले रिकामे पडले, आणि 1960च्या सुमारास चित्रकार-शिल्पकार तिथे राहू लागले. भाडे कमी, प्रकाश भरपूर, जागा ऐसपैस. कायद्याने तिथे राहायला बंदी होती. हिवाळ्यात गरम पाणी नाही, स्वयंपाकघर नाही, तपासनीस आला की अंथरूण लपवायचे. 1971 साली शहराने कलावंतांना तिथे राहायची मुभा दिली आणि 1982 साली अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे सोहो इतके महाग झाले की नव्या चित्रकाराला तिथे कोपरासुद्धा परवडेना. या विषयाची ही खोड पहिल्यापासूनची आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

आता मँचेस्टर. माझी मुलगी काही वर्षे तिथे नोकरीला होती आणि अँकोट्स भागातल्या एका जुन्या सूतगिरणीत झालेल्या घरात भाड्याने राहत होती. आम्ही दोघे महिनाभर तिच्याकडे राहिलो. त्या भागात मरे बंधूंच्या गिरण्या आहेत. त्यांतली 'ओल्ड मिल' 1798 सालची, आठ मजली, वाफेच्या यंत्रावर चालणारी. म्हणजे आपल्याकडे पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर आले त्या काळातली. तिथे एके काळी हजाराहून अधिक माणसे राबत, त्यांत लहान मुलेही असत. बाजूला रॉचडेल कालवा. कोळसा आणि कापूस त्याच पाण्यावरून यायचा. आपला कापूस मात्र तिथे फारसा नसे. अँकोट्समध्ये बारीक सूत निघायचे, त्याला लांब धाग्याचा कापूस लागायचा, आणि आपला धागा आखूड.

मुलीच्या दिवाणखान्याच्या मधोमध बिडाचा खांब होता. तिने गणपती त्याच्याशेजारीच बसवला. पहिल्या आरतीला धूर ओळखणारे यंत्र कोकलू लागले आणि "घालीन लोटांगण"ला पूर्ण मजल्यावरचे लोक जिन्यात जमले. दुसऱ्या दिवसापासून कापूर बंद, विजेचा दिवा सुरू. बाप्पाने चालवून घेतले.

मी मात्र त्या खांबाभोवती महिनाभर फिरत होतो. बायको म्हणाली, देवाला सोडून तुम्ही खांबालाच प्रदक्षिणा घालताय.

कारण असे. बीड दाबाला जबरदस्त असते, पण ताणाला कच्चे. आपला बिडाचा तवा वर्षानुवर्षे चुलीवर टिकतो आणि ओट्यावरून पडला की दोन तुकडे होतात, तसेच. हे खांब पोकळ ओतलेले असतात. ओतताना आतला गाभा जरा सरकला तर खांबाची भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. बाहेरून काही कळत नाही. म्हणून एकाच उंचीवर चहूबाजूंनी बारीक भोके पाडून जाडी मोजावी लागते. वेल्डिंग करायचे तर शंभर वेळा विचार करावा लागतो, कारण तापून थंड होताना बीड तडकते. नवा आधार द्यायचा तो पट्टे आवळून किंवा शेजारी स्वतंत्र पोलादी खांब उभा करून.

मग असली इमारत राहायला कशी चालते? वजनाचा हिशेब बघा. राहत्या घराच्या जमिनीवर आपली मानके चौरस मीटरला 200 किलो भार धरतात. कारखान्यासाठी 500 किलोपासून 1,000 किलोपर्यंत, प्रसंगी त्याहून जास्त. ज्या मजल्यावर सूत काढणारी यंत्रे दिवसरात्र हादरे देत होती, त्या मजल्याला तुमचा सोफा, कपाट आणि पाहुणे म्हणजे विश्रांतीच आहे. अवघड जाते ते वेगळ्याच गोष्टींत. गिरणीचा मजला रुंद असतो. खिडकीचा उजेड साधारण तिच्या उंचीच्या दोन-अडीच पट आत पोचतो, पुढे अंधार. म्हणून न्हाणीघरे, जिने आणि लिफ्ट मधल्या काळोख्या पट्ट्यात घालतात. एकेका घराला स्वतंत्र नळ आणि सांडपाण्याची वाट लागते. लाकडी जमिनीत शतकभराचे तेल मुरलेले, ती आगीपासून सांभाळावी लागते. वर कोणी खुर्ची सरकवली तरी खाली ऐकू येते. आणि विणकामाचे कारखाने बहुधा एकमजली, करवतीच्या दात्यांसारख्या छपराचे. मागांचे हादरे वरच्या मजल्याला नको म्हणून. आपल्याकडे काचा उत्तरेकडे ठेवत, म्हणजे ऊन आत न येता सारखा उजेड मिळे आणि तुटलेला धागा दिसे. तिथे पोटमाळा घालून सुरेख घरे होतात, पण इंदूरच्या मे महिन्यात त्या छपराखाली नीट उष्णतारोधक थर न घालता राहून दाखवावे.

मँचेस्टरमध्ये मला आवडला तो कामाचा क्रम. अँकोट्सचा भाग 1989 साली संरक्षित ठरला. मरे गिरण्यांची अवस्था तेव्हा वाईट होती. सार्वजनिक पैसा घालून आधी भिंती, छप्पर, खिडक्या सावरल्या आणि पावसाला बाहेर ठेवले. घरे झाली ती त्यानंतर दहा-एक वर्षांनी. इमारत पाडायची की ठेवायची याचा निकाल पुष्कळदा गळक्या पन्हळीवर लागतो. पन्हळ दुरुस्त केली नाही की पाच पावसाळ्यांत तुळई कुजते, आणि मग इंजिनिअरला बोलावून 'जर्जर' असा दाखला घेता येतो.

असा एक दाखला मी लिहिलेला आहे.

पंचवीस-तीस वर्षे झाली. गावाचे आणि मालकाचे नाव घेत नाही. निमाडातली एक दुमजली सूतगिरणी, आठ-दहा वर्षे बंद पडलेली. मालकांना जागा मोकळी हवी होती. मी भर पावसात गेलो. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकत होते, गर्डरांमधल्या विटांच्या कमानींना शेवाळ आलेले. वर जाणारा जिना तुटका होता. चौकीदार म्हणाला, "ऊपर मत जाइए साहब, साँप हैं." मी वर गेलो नाही. खांबाला भोक पाडून बघितले नाही. इंदूरला परत येऊन दीड पानाचा अहवाल लिहिला: इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, राहण्यास किंवा वापरण्यास धोकादायक आहे. फी वेळेवर मिळाली.

पाडकाम तीन आठवड्यांत उरकायचे ठरले होते. महिनाभराने ठेकेदाराचा फोन आला. "साहब, ये तो गिर ही नहीं रही." मी गेलो. वरच्या मजल्याचे छप्पर निघाले होते आणि उन्हात खांबांची रांग उभी होती, सरळ, एका ओळीत. एक फुटलेला खांब पडला होता, त्याच्या कडेची जाडी मोजली. चहूबाजूंनी सारखी. कमानींच्या विटा एकमेकींपासून सुटत नव्हत्या, सुटताना चुन्याऐवजी वीटच फुटत होती. गळत होती ती फक्त पन्हळ आणि तिच्याखालची एक ओळ.

घरी आल्यावर बाबांना सांगितले. बाबा इंदूरच्या मिलमध्ये साचेखात्यात होते, दोन कान त्यांनी मागांच्या आवाजाला वाहिलेले. त्यांना मोठ्याने सांगावे लागे, म्हणून चूक कबूल करायची तर तीही ओरडूनच. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "वर कोणते खाते होते?" मला माहीत नव्हते. मी वर गेलोच नव्हतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. इंदूरची पहिली गिरणी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळातली. यंत्रे खांडव्याहून हत्तींकडून ओढून आणली, ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी आजोबांकडून ऐकली आहे. मग मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण. आपल्यातली कितीतरी घरे या भोंग्यांवर जेवली. 1990च्या आसपासपासून भोंगे एकेक करून थांबले. हुकुमचंद मिलच्या कामगारांचे पैसे अडकले ते अडकलेच. त्यांच्या देण्यांचे सुमारे 224 कोटी रुपये सुटले ते 2023च्या डिसेंबरात, तीस वर्षांहून अधिक काळाने. दरम्यान कितीजण गेले ते या सभागृहातल्या काहींना आकड्याने नव्हे, नावाने ठाऊक आहे. मिलच्या जागेत झाडी माजली, आणि आता त्या जमिनीवर काय उभारायचे याचा खल चालतो.

मुंबईत हा खल लवकर संपला. 1991च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: मालकाला, सार्वजनिक घरांना आणि मोकळ्या जागेला. 2001च्या दुरुस्तीने वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि जमिनीचा भाव शेडच्या भावावर चढून बसला. गिरणगावात लॉफ्ट फारसे झाले नाहीत. टॉवर झाले.

म्हणून मला कोणी विचारले, "मँचेस्टरसारखी घरे इथे व्हावीत का?" तर मी लगेच हो म्हणत नाही. मुलीच्या इमारतीत कालव्याकडे उघडणाऱ्या खिडकीचे भाडे जास्त होते. त्याच खिडकीजवळ पूर्वी कोण उभे राहायचे, हे सांगणारे त्या मजल्यावर कोणी नव्हते. भिंती जपल्या गेल्या, माणसे विरून गेली. आपल्याकडे उलट झाले. भिंती ढासळल्या आणि झांकी राहिली. पगार बंद, मिल बंद, तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंदची, मालव्याची, राजकुमारची झांकी निघतेच. वर्गणी गोळा करणारे आता त्या कामगारांचे मुलगे आणि नातू आहेत. जगात अशी बंद पडलेली गिरणी मी दुसरी पाहिलेली नाही, जी दरवर्षी एका रात्रीसाठी रस्त्यावर येते.

माझे म्हणणे त्यामुळे बेताचेच आहे. माळव्या-निमाडात अजून जिनिंगचे कारखाने, गोदामे, सूतगिरण्यांचे उरलेले भाग उभे आहेत. त्यांतले काही खरोखरच गेलेले असतील, ते पाडावेत. पण कोणाही इंजिनिअरने वरच्या मजल्यावर गेल्याशिवाय सही करू नये. जिथे घरे होतील तिथे थोडी घरे कामगारांच्या कुटुंबांना परवडतील अशी असावीत, आणि एक शेड, एकच, आहे तशी ठेवावी. झांकी बांधायला उंच छताची जागा लागते. लॉफ्टला लागते तेवढीच.

आता तुमच्याकडून एक मागणे. जुन्या इमारतीची खरी अडचण अशी की नकाशे सापडत नाहीत. खांब किती जाडीचा, पाया किती खोल, हे नसले की माझ्यासारखा माणूस घाबरून 'जर्जर' लिहितो. आपल्यातल्या अनेकांचे आजोबा, काका या मिलच्या नकाशाखात्यात, हजेरीखात्यात, इंजिनघरात होते. त्यांचे कागद तुमच्या माळ्यावर असतील, सतरंज्यांच्या त्या बोचक्याखाली. निळे नकाशे, खात्यांचे फोटो, यंत्रांच्या पावत्या, काहीही. मी गणपती उठेपर्यंत रोज संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात बसणार आहे. कागद तिथेच फोटो काढून लगेच परत देईन. काकू, तुमच्यापासून सुरुवात करू.