दीर्घ भाषणे आणि सभासदांचा आवाज



वाचाळता हा स्वभावदोष मानला जातो आणि म्हणूनच तो सहज माफ होतो. संघटनेत मात्र तो राजकीय दोष ठरतो.

मार्च १९२२ मध्ये 'इझ्वेस्तिया'त मायाकोव्हस्की यांची एक उपहासपर कविता प्रसिद्ध झाली. एकाच वेळी दोन बैठकांना हजर राहणे भाग पडल्याने कमरेतून दुभंगलेले अधिकारी, हा तिचा विषय. दुसऱ्याच दिवशी धातुकामगारांच्या काँग्रेसमधील कम्युनिस्ट गटापुढे लेनिन यांनी तिचा उल्लेख केला. या कवीच्या काव्यगुणांचे आपण चाहते नाही, हे त्यांनी लपविले नाही. पण राजकीय दृष्ट्या तो अगदी बरोबर आहे, असेही सांगितले.

केवळ लांबी हा गुन्हा नव्हे. २६ सप्टेंबर १९६० रोजी फिडेल कॅस्ट्रो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ४ तास २९ मिनिटे बोलले, तेही आरंभी संक्षेपाचे आश्वासन देऊन! परंतु क्युबातील जमीन, वीज आणि टेलिफोन कोणाच्या मालकीचे होते, याचा हिशेब त्या भाषणात होता. शाखेच्या बैठकीत असा प्रसंग सहसा येत नाही.

तेथे पाळी संपवून आलेला कामगार सहा वाजता बसतो. प्रास्ताविक दीड तास चालते. आंतरराष्ट्रीय परिस्थिती येते, राष्ट्रीय परिस्थिती येते, 'वस्तुनिष्ठ परिस्थितीच्या संदर्भात' हे शब्द दहादा येतात. (ठरावांच्या भाषांतरातून उचललेले असे शब्द एकदा तोंडात बसले की निघता निघत नाहीत.) कंत्राटी कामगारांचा प्रश्न विषयपत्रिकेच्या तळाशी राहतो. चर्चेला पंधरा मिनिटे उरतात. स्त्री-सभासद त्याआधीच घरच्या स्वयंपाकासाठी उठून गेलेल्या असतात. ठराव 'एकमताने' संमत होतो. लोकशाही केंद्रवादातील लोकशाही अशी शब्दांखाली गाडली जाते. बोलू न शकलेला सभासद पुढील बैठकीला येत नाही, आणि अहवालात त्याची नोंद 'निष्क्रिय' अशी होते.

मुंबईच्या गिरणगावातील गेटसभांना ही चैन परवडत नसे. पाळी बदलताना गिरणीच्या दारात उभे राहून मागणी काय, मालक काय म्हणतो, उद्या काय करायचे, एवढे भोंगा होण्यापूर्वी सांगावे लागे. ऐकणारा थांबला नाही तर तो निघून जाताना वक्त्याला दिसे.

शाखांनी प्रास्ताविकाला वीस मिनिटांची मर्यादा घालावी आणि स्थानिक प्रश्न प्रथम घ्यावा. वक्त्याला थांबविण्याचा अधिकार अध्यक्षाने वापरावा, मग वक्ता जिल्हा समितीचा चिटणीस का असेना.