घरी गेल्यानंतरचा उपचार

(रुग्ण, नातेवाईक व देणगीदार यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक मेळाव्यात प्रशासनाने बोलायचे म्हणजे किती खाटा, किती शस्त्रक्रिया आणि किती रुपये, अशी एक प्रथा पडून गेली आहे. ते आकडे अहवालात छापले जातातच. आज आम्ही ताळेबंदात कोठेही न दिसणाऱ्या एका खर्चाविषयी बोलणार आहोत. प्रौढ वयात जबड्याची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या आणि टाळू रुंद करण्याचा उपचार घेणाऱ्या रुग्णाचा हा खर्च आहे. रुग्णालयाचे बिल त्याला घरी सोडण्याच्या दिवशी संपते. त्याचा उपचार मात्र त्या दिवशी निम्माही झालेला नसतो.

आपला भोईवाडा रुग्णालयांच्या शेजाराने वाढला. १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले, १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय. मुलांचे आणि प्रसूतीचे अशी वाडिया यांची दोन्ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. अशा वस्तीत ‘जबड्याचे ऑपरेशन’ हे शब्द कानावर पडले की ऐकणाऱ्याच्या मनात एकच रोग येतो. सुजलेला चेहरा घेऊन तरुण चाळीत परतला की शेजारी हलक्या आवाजात विचारतात, ‘तंबाखू खात होता का हो?’ कर्करोग नव्हे असे समजले की तेच शेजारी म्हणतात, ‘मग कशाला केलंस? दिसण्यासाठी?’ एका दमात भीती आणि दुसऱ्या दमात थट्टा, या दोहोंच्या मध्ये हा रुग्ण सापडतो. त्याला प्रथम या दोन गैरसमजांतून बाहेर काढणे आवश्यक आहे.

हा विकार कोणता?

काहींचा खालचा जबडा प्रमाणाबाहेर पुढे वाढतो, काहींचा फार मागे राहतो. काहींचा वरचा जबडा अरुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत मिटतात. कारणे निरनिराळी असतात. काही घराण्यात ही ठेवण चालत आलेली असते. लहानपणी नाक चोंदून वर्षानुवर्षे तोंडाने श्वास घेणे, अंगठा चोखण्याची सवय, दुभंगलेला टाळू, बालपणी हनुवटीवर झालेली दुखापत, अशीही कारणे आढळतात. परिणाम केवळ आरशात दिसणारे नसतात. घास नीट चावता येत नाही, दात वेडेवाकडे झिजतात, उच्चार अस्पष्ट होतात. खालचा जबडा फार मागे असलेल्या काही रुग्णांना झोपेत श्वास अडण्याचा त्रासही होतो. याला केवळ सौंदर्याची हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

‘लहानपणीच का नाही केले?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. आपल्या मराठीत टाळू हा एकच शब्द दोन जागांना आहे. बाळाच्या डोक्यावरची टाळू आजी तेलाने भरते. ती साधारण दीड वर्षात भरून येते. तोंडाच्या आतल्या टाळूची कथा याहून सावकाश चालते. त्याच्या मध्यरेषेवर डाव्या-उजव्या हाडांचा सांधा असतो. बालपणात तो सैल असतो आणि वयात येताना हळूहळू घट्ट होत जातो. म्हणून शाळकरी मुलाचा टाळू दातांना बसविलेल्या स्क्रूच्या साधनाने रुंद करता येतो. प्रौढात बहुधा हाडाला काप देऊन ती वाट मोकळी करावी लागते. अलीकडे काही निवडक प्रौढांत टाळूच्या हाडातच बारीक स्क्रू रोवून, मोठ्या शस्त्रक्रियेवाचूनही हे साधले जाते. कोणाला काय योग्य, हे तज्ज्ञच ठरवितात. बालपणी घरात पैसा नव्हता, पुढे धाकट्या भावंडांची शिक्षणे आली, आणि स्वतःच्या कमाईतून पहिली शिल्लक पडली ती तिशीत, असे आमच्याकडे येणाऱ्या अनेकांचे असते. त्यांनी उशीर केला असे म्हणण्यापेक्षा त्यांची पाळी उशिरा आली असे म्हणावे.

चावी रुग्णाच्या हाती

हा उपचार आजकालचा नाही. खालच्या जबड्यावरील अशी शस्त्रक्रिया अमेरिकेत हलिहेन यांनी १८४९ साली नोंदविली. आज जगभर केली जाणारी, खालच्या जबड्याचे हाड उभे चिरून सरकविण्याची पद्धत ओब्वेगेझर यांच्यामुळे १९५७ पासून प्रचारात आली. टाळू रुंद करण्याचा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोच्या अँजेल यांनी १८६० साली प्रसिद्ध केला. त्यांची रुग्ण चौदा वर्षांची मुलगी होती, आणि स्क्रू फिरविण्याची चावी त्यांनी त्या मुलीच्याच हाती दिली होती. इतक्या वर्षांत साधने सुधारली, परंतु चावी अजूनही रुग्णाच्याच हाती आहे.

शस्त्रक्रियेनंतर साधारण पाच ते सात दिवस थांबून चावी सुरू होते. एका पाव फेऱ्याने स्क्रू सुमारे पाव मिलिमीटर उघडतो. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिमीटर. आठ मिलिमीटर हवे असतील तर सोळा दिवस. किती फेरे आणि किती दिवस, हे प्रत्येकाला त्याचे डॉक्टरच लिहून देतात. चावीला दोरा बांधावा म्हणजे ती घशात जाण्याचे भय नाही. प्रत्येक फेरा लिहून ठेवावा. आपल्या घरांत कालनिर्णयावर दुधाचा हिशेब मांडतात, त्याच चौकटीत चावीच्या फेऱ्याची खूण करावी. सकाळचा फेरा झाला की नाही, या शंकेने आणखी एक फेरा देणे किंवा मुळीच न देणे, दोन्ही घातक. दुखते म्हणून स्वतःच्या मनाने चावी बंद ठेवू नये, लवकर आटपावे म्हणून अधिकही फिरवू नये.

काही दिवसांत वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते. रुग्ण हबकतो आणि घरचे त्याहून अधिक हबकतात. वास्तविक ती फट म्हणजे टाळू उघडत असल्याची पावती आहे. पुढे दात हळूहळू जवळ येतात आणि उरलेली फट तारांनी मिटविली जाते. फेरे संपल्यानंतर साधन तीन ते सहा महिने तसेच ठेवावे लागते, कारण मधल्या जागेत नवे हाड भरून यायचे असते. या काळात बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, आणि नेमक्या याच काळात रुग्णाचा कंटाळा वाढतो आणि तपासणीच्या तारखा चुकू लागतात. पुष्कळांना त्यानंतर तारांचे वर्षभर आणि मग जबड्याची मोठी शस्त्रक्रिया असा पुढचा टप्पा असतो. एकूण उपचार दोन-तीन वर्षांचा होतो. त्यात रुग्णालयातील मुक्काम मोजक्या दिवसांचा.

स्वयंपाकघरातील सहा आठवडे

जबड्याच्या शस्त्रक्रियेत हाडे टायटॅनियमच्या पट्ट्यांनी आणि स्क्रूंनी जोडली जातात. वरचे आणि खालचे दात बहुधा रबरांनी जागेवर धरून ठेवतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. नंतर दोन आठवड्यांत बरीच उतरते, पण उरलेली जाण्यास काही महिने लागतात. हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर चावणे बंद.

येथे घरच्या स्वयंपाकघराचे काम सुरू होते. पहिले दोन आठवडे गाळलेले पातळ अन्न: तांदळाची पेज, मुगाचे कढण, नाचणीचे सत्त्व, ताक, डाळीचे पाणी. सामिष खाणाऱ्यांना मटणाचा अळणी रस्सा गाळून द्यावा. नंतर डॉक्टरांच्या अनुमतीने खिमट, गुरगुट्या भात, मऊ उपमा. भाकरी, चकली, शेंगदाणे यांची घाई करू नये. एका वेळी थोडेच जाते, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा द्यावे लागते. वजन उतरणे नेहमीचे आहे. परंतु उपासमारीने जखम भरत नाही. पेजेत चमचाभर तूप आणि कढणात डाळीचे प्रमाण वाढविणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. या काळात उपवास करू नये. तंबाखू आणि विडी-सिगारेट तर कायमचीच सोडावी.

प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या आणि मऊ ब्रशने दात स्वच्छ करणे आवश्यक. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर सांगितलेल्या मुदतीपर्यंत नाक शिंकरू नये. शिंक आलीच तर तोंड उघडून येऊ द्यावी. लोकलची गर्दी आणि गणेशोत्सवातील लालबागची गर्दी या दिवसांत टाळावी. नव्याने जोडलेल्या हाडाला कोणाच्या कोपराचा धक्काही महागात पडतो. रक्त थांबत नाही, ताप येतो, पू दिसतो, दातांची बैठक एकाएकी बदलते किंवा चावी फिरूनही फट वाढत नाही, असे झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. श्वास घेण्यास त्रास झाला तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

चेहरा आणि मन

खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होणे ही या शस्त्रक्रियेतील अत्यंत सामान्य गोष्ट आहे. खालच्या जबड्यातून जाणारी मज्जातंतूची दोरी ताणली जाते. चहा किती गरम आहे हे ओठाला कळत नाही, हनुवटीवरून पेज ओघळली तरी समजत नाही, दाढी करताना कापले तरी जाणवत नाही. बहुतेकांची संवेदना महिन्यांच्या हिशेबाने परतते. काहींची थोडीफार कायमची उणी राहते. ही गोष्ट संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाला त्याच्या भाषेत, बसवून सांगितली गेली पाहिजे. आधी सांगितलेला त्रास माणूस सोसतो. न सांगितलेल्या त्रासाने त्याचा विश्वास उडतो.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अनेक रुग्ण खचतात. बोलता येत नाही, जेवणाची चव नाही, झोप उशीला टेकून बसल्या बसल्या, आणि आरशातील चेहरा आपला वाटत नाही. ‘एवढा चांगला होतास, उगाच केलेस’ हे वाक्य याच आठवड्यात घरात उच्चारले जाते. नातेवाइकांना आमची कळकळीची विनंती आहे की हे वाक्य त्यांनी टाळावे. सूज उतरेपर्यंत चेहऱ्यावर अभिप्राय देऊ नये. रुग्णाला पाटी-पेन्सिल द्यावी, त्याच्यासमोर त्याचे पेजेचे भांडे ठेवून सर्वांनी एकत्र बसावे. दहा-बाय-बाराच्या खोलीत त्याला वेगळे जेवायला बसविण्याइतके एकटेपण दुसरे नाही.

पैशाचा हिशेब

बैठे काम करणाऱ्याला साधारण दोन ते चार आठवडे, तर ओझे उचलणाऱ्याला त्याहून अधिक रजा लागते. शिक्षिका, विक्रेता, बसवाहक यांचे पोट जिभेवर चालते. त्यांना उच्चार सुधारेपर्यंत थांबावे लागते. कामगार राज्य विमा योजनेतील पात्र कामगाराला प्रमाणित आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. परळला याच योजनेचे महात्मा गांधी रुग्णालय असूनही अनेकांना हे ठाऊक नसते. आरोग्य विमा कंपन्या ‘सौंदर्यवर्धक उपचार’ म्हणून अशी बिले नाकारू शकतात. म्हणून चावणे, श्वास, उच्चार यांतील दोष लिहून, उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि कंपनीचे लेखी उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावे.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. बिलांच्या एकूण रकमेच्या दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. हा निधी खाटेवरच्या रुग्णाचा खर्च उचलतो. बुडालेली मजुरी, तपासणीच्या खेपांचे भाडे आणि घरी लागणारे पौष्टिक अन्न त्याच्या कक्षेबाहेर राहते. आणि याच तीन गोष्टींपायी रुग्ण मध्येच उपचार सोडतो. अर्धवट सोडलेला टाळू पुन्हा आत येतो. शस्त्रक्रियेवर खर्च झालेला पैसा, मग तो रुग्णाचा असो की निधीचा, वाया जातो. केवळ हिशेबाच्या दृष्टीनेही हा तोट्याचा व्यवहार आहे.

म्हणून देणगीदारांपुढे आम्ही नम्रपणे एक विनंती ठेवतो. यंत्रावर आणि खोलीच्या दारावर नाव कोरले जाते, आणि ते योग्यच आहे. त्याचबरोबर काही देणगी घरी गेलेल्या रुग्णाच्या सहा आठवड्यांच्या आहारासाठी आणि वर्षभराच्या तपासणीच्या प्रवासखर्चासाठी द्यावी. पेजेच्या भांड्यावर कोणाचे नाव कोरता येणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही शल्यचिकित्सकाच्या हाताला यश येते ते त्या भांड्यामुळे.

रुग्णांना इतकेच सांगणे आहे की तारीख चुकवू नका, चावीचा हिशेब लिहीत जा, आणि अडचण पैशाची असली तरी ती आमच्या समाजसेवा विभागाला वेळेवर सांगा. शल्यचिकित्सकांनी आपले काम दोन-चार तासांत केले आहे. उरलेले वर्ष आपण सर्वांनी मिळून करावयाचे आहे.