कॉम्प्युटर रखडतो, म्हणजे बिघडला का?

सालेकशाहून आम्ही बचत गटांच्या समन्वयक बोलतोय. गटाचा हिशोब आता कॉम्प्युटरवर होतो. चार-पाच खिडक्या उघडल्या की तो रखडतो आणि कुणीतरी म्हणतं, “नवीनच घ्या.” गटाचे पैसे खर्चण्याआधी आत काय चालतं, ते समजून घेऊ या.

चुलीजवळच्या डब्यात रोजचे तांदूळ असतात, बाकीचे कोठीत. रॅम म्हणजे तो डबा. लहान, पण हाताशी. हार्ड डिस्क म्हणजे कोठी. मोठी, पण लांब. रॅम भरत आली की विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम सध्या न लागणारी माहिती डिस्कवर ठेवते आणि लागली की परत आणते. त्यासाठी माहितीचे छोटे तुकडे पाडते. एक तुकडा बहुतेक वेळा 4 केबीचा. त्याला ‘पान’ म्हणतात. कोणतं पान कुठे आहे, याची नोंदवहीही तीच सांभाळते. ही झाली आभासी मेमरी. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात 1962 साली सुरू झालेल्या ॲटलस कॉम्प्युटरात ही सोय होती.

पण एकदम खूप कामं काढली, तर डबा ते कोठी फेऱ्या मारण्यातच वेळ जातो. म्हणून आधी नको त्या खिडक्या बंद करा. तरीही रखडला, तर रॅम वाढवता येईल का, ते दुकानात विचारा.

आणि हो, डिस्कवर तात्पुरती ठेवलेली पानं म्हणजे जपलेला हिशोब नव्हे. वीज गेली तर सेव्ह न केलेली नोंद जाऊ शकते. प्रत्येक ताईचा हप्ता लिहिला की लगेच सेव्ह करा.