बेचाळीस चिठ्ठ्या आणि एक सोन्याची पिन

आज बोलायचंय ‘द हंगर गेम्स’बद्दल. आधीच सांगते, मी शेवटपर्यंतचं सगळं फोडणार आहे. पुस्तकं वाचायची राहिली असतील तर हा भाग सेव्ह करून ठेवा आणि वाचून झालं की या.

ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत, त्यांना एक प्रश्न. मॅज आठवते? नाही आठवणार, कारण सिनेमात ती नाहीच. पण मला ही गोष्ट खरी कळली ती मॅजमुळे.

थोडक्यात उजळणी करू. सुझन कॉलिन्स यांचं पहिलं पुस्तक २००८ साली आलं. पॅनेम नावाचा देश, त्यात श्रीमंत कॅपिटॉल आणि त्याच्यासाठी राबणारी बारा डिस्ट्रिक्ट. दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाची एक मुलगी आणि एक मुलगा चिठ्ठी काढून निवडायचे. अशी २४ मुलं रिंगणात सोडायची, एकच उरेपर्यंत. आणि हे सगळ्या देशाला टीव्हीवर बघायला लावायचं.

आता या चिठ्ठ्यांचा हिशोब बघा. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी दरवर्षी एक वाढते. सगळ्यांना सारखा नियम, म्हणजे कागदावर एकदम न्याय. पण घरात खायला नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकून ‘टेसेरा’ घेता येतो, म्हणजे एका माणसापुरतं वर्षभराचं धान्य आणि तेल, तेही जेमतेम. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक घेता येतो, आणि त्या चिठ्ठ्याही साठत जातात. कॅटनिस सोळा वर्षांची आहे. घरात आई, बहीण प्रिम आणि ती. म्हणजे दरवर्षी चार, पाच वर्षांच्या वीस चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल अठराचा, घरात पाच तोंडं. दरवर्षी सहा, सात वर्षांच्या बेचाळीस!

आणि मॅज? ती महापौरांची मुलगी, कॅटनिसच्याच वर्गातली. तिला टेसेरा कधी लागलाच नाही. तिच्या फार तर पाच.

चिठ्ठ्या काढायच्या दिवशी सकाळी कॅटनिस आणि गेल स्ट्रॉबेरी विकायला महापौरांच्या मागच्या दारी जातात. दार मॅज उघडते. अंगात पांढरा ड्रेस, त्यावर सोन्याची पिन. त्या पिनच्या पैशात एखाद्या घराची कितीतरी महिन्यांची भाकरी निघाली असती. गेल तिला टोमणा मारतो, चिठ्ठ्यांचा हिशोब ऐकवतो.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं! मी पूर्ण गेलच्या बाजूने होते. कॉलेजात फीच्या सवलतीसाठी रांगेत उभं राहिलं की ज्यांना रांग लागत नाही त्यांच्याकडे आपण कसं बघतो, माहितीये ना? तसंच.

गंमत म्हणजे कॅपिटॉलचा हा डाव गेललाच सगळ्यात नीट कळलेला आहे. रात्रीच्या जेवणाची खात्री असलेले आणि नसलेले आपसात झुरत राहिले की वरच्यांचं फावतं, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, हे तो स्वतः सांगतो. आणि तरीही राग काढतो तो मॅजवर. कारण कॅपिटॉल लांब आहे, मॅज दारात उभी आहे.

पुढे काय होतं? चिठ्ठी निघते प्रिमची. बारा वर्षांची, एकच चिठ्ठी असलेली. कॅटनिस तिच्या जागी उभी राहते. निरोप द्यायला मॅज येते आणि तीच सोन्याची पिन कॅटनिसच्या ड्रेसला लावते. त्यावरचा मॉकिंगजे पक्षी पुढे सगळ्या बंडाची खूण होतो. दुसऱ्या पुस्तकात गेलला चाबकाने फोडून काढतात, तेव्हा बर्फाच्या वादळातून त्याच्यासाठी वेदनाशामक औषध घेऊन कोण येतं? मॅज. आणि कॅपिटॉल डिस्ट्रिक्ट बारावर बॉम्ब टाकतं, त्यात पाच चिठ्ठ्यावालीही घरच्यांसकट मरते.

गेल वाईट नाही हं. त्याच बॉम्बफेकीतून शेकडो लोकांना त्यानेच बाहेर काढलं. पण त्याचा राग तिथे थांबत नाही. तो बंडखोरांसाठी सापळे आखायला लागतो. एक स्फोट करायचा, जखमींना वाचवायला लोक धावले की दुसरा. शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर जमवलेल्या कॅपिटॉलच्या मुलांवर असाच बॉम्ब पडतो. मदतीला धावलेल्यांत प्रिम असते. ती जाते. तो बॉम्ब आपलाच होता का, हे गेललाही सांगता येत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणतो ना आपण.

मग बंडखोरांची नेता कॉइन सुचवते की आता कॅपिटॉलच्या मुलांचे खेळ भरवू. म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या बदलायच्या! कॅटनिसचा बाण स्नोला न लागता कॉइनला का लागतो, ते इथे कळतं.

ही गोष्ट पुस्तकात राहिली नाही, हे तुम्हाला माहीत असेल. कॅटनिस प्रिमच्या जागी उभी राहते तेव्हा तिच्या डिस्ट्रिक्टमधले लोक टाळ्या वाजवत नाहीत, तीन बोटं ओठांना लावून हात पुढे करतात. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा तिथल्या तरुणांनी हीच तीन बोटं उंचावली, आणि त्यासाठी पोलिसांनी काहींना ताब्यातही घेतलं. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करी उठावानंतर तीच खूण रस्त्यावर दिसली. विद्यार्थी होते, डॉक्टर-नर्स होत्या. संयुक्त राष्ट्रांत म्यानमारच्या राजदूतांनीही ती केली. ज्यांच्या चिठ्ठ्या कमी होत्या, असेही त्यात होते.

मी आता पुस्तक पुन्हा वाचलं, तेव्हा त्या मागच्या दारापाशी जरा जास्त वेळ थांबले. गेलचा राग खरा आहे, मला तो अजूनही पटतो. फक्त मॅजच्या जागी उभं राहून तो टोमणा ऐकायला मला इतकी वर्षं लागली.

तुमच्या आयुष्यात अशी एखादी मॅज आहे का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूच!